दुभाष्याचं माप

त्यांना सगळे कप्तान म्हणत, पण कप्तान ते कधीच नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर स्वयंपाक केला होता. निवृत्त होताना एका खऱ्या कप्तानानं त्याची जुनी टोपी यांना दिली. ती डोक्यावर घालून हे वस्तीत परतले आणि टोपीबरोबर हुद्दाही चिकटला. बायको तेवढी 'अहो' म्हणायची, तीही तिचं डोकं ठिकाणावर असलं तर.

वस्ती टेकडीच्या उतारावर होती. खाली मोठा रस्ता, रस्त्याला लागून दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र, आणि वर दगडाची खाण. केंद्र एकटी सिस्टर चालवायची. डॉक्टर शुक्रवारी यायचे, तेही बारापर्यंत. बाकीचे सहा दिवस ताप, खोकला, टाके, लसी, बाळंतिणी असं सगळं सिस्टरच्या अंगावर.

अशात एक दिवस सिस्टरला पत्र आलं. समुद्रापलीकडच्या एका देशातून एक नर्स तीन आठवड्यांसाठी येणार होती. तो देशही आपल्यासारखाच ओढाताणीचा. डॉक्टर मोजके आणि वस्त्या अफाट. पण तिथल्या नर्सबायांनी एक पद्धत चांगली बसवली होती. दर दहा घरांमागे शेजारचीच एक बाई तयार करायची. तिनं आठवड्यातून दोनदा त्या घरांत डोकवायचं. कुणाला जुलाब लागलेत, कुणाला दिवस गेलेत, कुणाची लस चुकली, हे पाहायचं. जमेल ते तिथंच करायचं, न जमेल ते केंद्रात पाठवायचं. ही पद्धत शिकवायला ती नर्स येणार, आणि जाताना आपल्या सिस्टरला सहा आठवड्यांसाठी सोबत नेणार. कारण सिस्टरकडूनही त्यांना एक गोष्ट शिकायची होती. मुलांच्या वजनाची आणि लसींची नोंद तिनं केंद्राच्या कपाटातून काढून आयांच्या हातात दिली होती. घरोघरी कार्डं होती, आणि लिहिता न येणारी आईसुद्धा आपल्या पोराची रेघ वर चाललीय की खाली, हे बोट ठेवून सांगायची.

अडचण एकच होती, भाषेची. पाहुणीची भाषा अख्ख्या वस्तीत फक्त कप्तानांना येत होती. जहाजावर पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली तिच्याच देशाची पोरं भांडी घासायला आणि भाज्या चिरायला होती. त्यांच्याशी भांडता भांडता कप्तान ती भाषा शिकले होते.

"मला शिव्या जास्त येतात, हे आधीच सांगून ठेवतो," ते सिस्टरला म्हणाले.

"त्या गाळा, बाकीचं सांगा," सिस्टर म्हणाली.

पाहुणी आली. उंच, चष्मा लावणारी, आणि मोठ्यानं हसणारी. वस्तीतल्या चौदा बायका निवडल्या गेल्या. केंद्राच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून रोज दुपारी दोन तास शिकवणी चालायची. पाहुणी बोलायची, कप्तान सांगायचे, बायका विचारायच्या, कप्तान पुन्हा उलटं सांगायचे. बाळंतपणाचा विषय निघाला की ते छताकडे बघून बोलत. बायका पदर तोंडाला लावून हसत. एकदा एकीनं मुद्दामच अवघड प्रश्न विचारला, तेव्हा कप्तान पाणी प्यायच्या निमित्तानं उठले ते दहा मिनिटांनी परतले.

चौदा जणींत एक इस्त्रीवाली होती. कोपऱ्यावर टेबल टाकून ती कपड्यांना इस्त्री करायची. बोलणं कमी, पण तोललेलं. बाकीच्या माना डोलवायच्या, तेव्हा ही हाताची घडी घालून बसायची, आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची. तो नेमका कुणाला सुचलेला नसायचा.

शेवटच्या दिवशी तेच झालं. बाहेर गाडी उभी. ड्रायव्हर दर मिनिटाला हॉर्न देतोय. सिस्टर आतल्या खोलीत कपाटांना कुलपं लावतेय. पाहुणी सगळ्यांच्या गळ्यात पडतेय. आणि इस्त्रीवालीनं विचारलं, "जुलाबावरची ती पाकिटं संपली तर? पोराला काय द्यायचं?"

जलसंजीवनीची पाकिटं केंद्रात भरपूर असायची, म्हणून तीन आठवड्यांत हा विषयच निघाला नव्हता. पाहुणीनं कपाळावर हात मारला आणि उभ्या उभ्या घरगुती कृती सांगितली. कप्तानांनी ती सांगितली: "अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी. त्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. थोडं थोडं पाजत राहायचं."

बायकांनी शाळेतल्या पाढ्यासारखं तीनदा म्हणून दाखवलं. हॉर्न वाजला. पाहुणी गाडीत बसताना आणखी काहीतरी म्हणाली, कप्तानांनी तेही सांगितलं, आणि धूळ उडवत गाडी गेली. केंद्राच्या किल्ल्या चौदा जणींच्या ताब्यात देऊन सिस्टरही गेली.

महिनाभर सगळं ठीक चाललं. चौदा जणी आपापली दहा घरं सांभाळत होत्या. शुक्रवारचे डॉक्टरसुद्धा म्हणाले की गर्दी कमी झालीय. मग पाचव्या आठवड्यात रस्ता खोदणाऱ्यांनी पाण्याचा पाइप फोडला. गटाराचं पाणी नळात शिरलं. चार दिवसांत वीस-बावीस पोरांना जुलाब सुरू झाले. पाकिटं दोन दिवसांत संपली, आणि नवी येणारी गाडी घाटात अडकून पडली.

पण आता वस्ती हातावर हात धरून बसलेली नव्हती. घराघरांत पाणी उकळत होतं, साखर-मीठ कालवलं जात होतं. कप्तान टोपी घालून फेरफटका मारायचे तेव्हा दारादारात आया वाटी-चमचा घेऊन बसलेल्या दिसायच्या. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "बघितलंस? तिकडची विद्या इकडे आली, ती या तोंडातून."

"बरं, आता त्याच तोंडानं जेवा," बायको म्हणाली.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला सिस्टरचा फोन आला. कप्तान ओट्याशी लसूण सोलत बसले होते. फोन डब्यावर ठेवून त्यांनी मोठ्या आवाजावर टाकला. सिस्टरनं आधी पोरांची चौकशी केली. कोण बरं, कोण नाही. कप्तानांनी अभिमानानं सगळं सांगितलं. मग सिस्टर तिकडच्या गमतीजमती सांगायला लागली.

"इथं ना कप्तान, प्रत्येक घरात एक निळं भांडं असतंच. पाणी, दूध, धान्य, सगळं त्यानंच मोजतात. कुबो म्हणतात त्याला. बरोब्बर एक लिटरचं. मी दोन विकत घेतलेत. एक तुमच्या घरी आणते."

कप्तानांच्या हातातली सुरी थांबली.

"काय म्हणतात?"

"कुबो. तुम्हाला माहीत असेलच की."

कप्तानांना कुबो माहीत होता. जहाजावर प्रत्येक खलाशाला एक पत्र्याचा मग मिळायचा. ती पोरं त्याला कुबो म्हणायची. अर्ध्या लिटरचा मग. पंधरा वर्षं त्यांनी त्या मगात चहा ओतला होता. पाहुणी त्या दिवशी 'एक कुबो पाणी' म्हणाली, आणि यांनी क्षणाचाही विचार न करता 'अर्धा लिटर' सांगून टाकलं.

"हॅलो? कप्तान?"

"हो. ऐकतोय. ठेवतो मी. दूध उतू चाललंय," ते म्हणाले. चुलीवर काहीच नव्हतं.

बायको आतून आली ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "काय झालं? तोंड असं का पडलं?"

 कप्तानांनी एका दमात सगळं सांगितलं. अर्ध्या लिटरात अर्धा चमचा मीठ म्हणजे दुप्पट. भाजीत दुप्पट मीठ पडलं तर मोठा माणूस ताट सरकवतो. तान्हं पोर काय सरकवणार? आणि पाहुणीनंच पहिल्या आठवड्यात सांगितलेलं त्यांना आठवत होतं, कारण ते त्यांनीच बायकांना सांगितलं होतं. पाण्यात मीठ जास्त झालं तर ते अंगातलं पाणी आणखी ओढून घेतं, लहान मुलाला झटके येतात, वाट्टेल ते होऊ शकतं.

"वीस पोरं आहेत," ते म्हणाले. "वीस घरांत मी विष वाटलंय."

बायकोनं त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली. "उठा."

"लोक काय म्हणतील गं?"

"लोकांचं नंतर बघू. आधी पोरं. उठा म्हणते ना!"

टोपी खुंटीवरच राहिली. चपला कशाबशा पायात सरकवून कप्तान निघाले.  वाटेत दोघांनी हाक मारली, ती त्यांना ऐकूच आली नाही.

पहिलं घर गवंड्याचं. त्याची बायको उंबऱ्यात बसून दोन वर्षांच्या पोराला चमच्यानं पाणी पाजत होती. कप्तानांनी तिच्या हातातला पेला घेतला आणि घटाघटा अर्धा पिऊन टाकला.

ती दचकली. "अहो काका! तहान लागली होती तर सांगायचं ना, दुसरं दिलं असतं!"

कप्तान जिभेवर चव घोळवत उभे राहिले. जन्म स्वयंपाकात गेलेला. मीठ किती, हे त्यांच्या जिभेला कुणी सांगायला नको होतं. पाणी जेमतेम खारट होतं. किंचित. गोडसर.

"पाणी किती घेतलंस?" त्यांनी विचारलं.

"लिटरभर."

"लिटरभर? अर्धा नाही?"

"नाही बाई. ताईनं सांगितलंय, लिटरभरच. ती बाटली बघा की, तिनंच खूण करून दिलीय."

भिंतीशी एक बाटली होती, तिच्या गळ्याजवळ लाल धाग्याची गाठ होती.

"कुठल्या ताईनं?"

"इस्त्रीवालीनं."

कप्तानांचा विश्वास बसेना. ते पुढच्या घरात गेले, तिथलं पाणी प्यायले. तीच चव. तिसऱ्या घरात तीच. चौथ्या घरातली म्हातारी ओरडली, "नातवाचं औषध पितोय हा मेला!" तरी कप्तान प्यायलेच. मग ते जवळजवळ पळतच कोपऱ्यावर गेले.

इस्त्रीवाली एका शर्टाची कॉलर दाबत होती. कप्तानांना धापा टाकताना बघून तिनं इस्त्री उभी केली.

"मी माप चुकीचं सांगितलं," कप्तान म्हणाले. "लिटर होतं. मी अर्धा सांगितलं."

"माहीत आहे," इस्त्रीवाली म्हणाली.

कप्तान तिथल्या स्टुलावर बसले. 

"कधीपासून?"

"पाकिटं संपली त्याच दिवसापासून. भाचीसाठी पहिलं पाणी मीच कालवलं. पोराच्या तोंडात काही घालण्याआधी मी स्वतः चाखते, सवय आहे. चाखलं आणि थुंकलं. काका, राग मानू नका, पण तुमच्या पाण्याला समुद्राची चव होती."

"मग?"

"मग काय, सगळ्यांना नळावर गोळा केलं. म्हटलं, कायतरी चुकतंय. कुणी म्हणे मीठ कमी करा, कुणी म्हणे पाणी वाढवा. मी म्हटलं, डोळ्यांतलं पाणी अंगातूनच येतं ना? मग त्याहून खारट पाणी अंगाला कशाला हवंय? तेवढंच खारट ठेवू. आता त्या वेळी रडायचं कुणी? शेवटी गवंड्याच्या घरून दोन कांदे आणले. एकीनं चिरले आणि आम्ही तिच्या गालावरचं बोटानं टिपून चाखलं." ती पहिल्यांदाच हसली. "सगळ्याजणी रांगेत. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं, हिचा नवरा गेला."

"आणि लिटर? तो कसा कळला?"

तिनं टेबलाच्या खणातून एक रिकामं, चुरगळलेलं पाकीट काढलं. जलसंजीवनीचं. मागच्या बाजूला एका बाटलीचं चित्र होतं आणि त्यावर एकचा आकडा. "हे फेकलं नव्हतं मी. म्हटलं, विकतच्या पुडीला लिटर लागतं तर घरच्याला अर्धा का? तुमचे सहा चमचे, अर्धा चमचा तसाच ठेवला आणि लिटरभर पाण्यात घातला. चव जुळली. मग बाटल्यांना धागे बांधले आणि वाटल्या."

कप्तानांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. कांद्याशिवाय.

"मला सांगितलं का नाही गं?"

इस्त्रीवाली शर्टाची घडी घालत राहिली. "तुम्ही इतके खूश होता. टोपी घालून फिरत होता. आणि आम्हाला वाटलं, ओशाळून तुम्ही पुन्हा बोलायलाच बसला नाहीत तर? मग पाहुणी आली की आम्ही काय, खाणाखुणा करायच्या?"

कप्तानांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मग एकदम विचारलं, "चौदाही जणी होत्या नळावर?"

तिचा हात थांबला. "तेराच. खाणीपलीकडची माहेरी गेली होती. बहिणीचं बाळंतपण आहे. पण दूधवाल्याच्या हाती मी तिच्या घरांना निरोप दिलाय. पाणी वाढवा म्हणून."

"पोचला का निरोप?"

"पोचला असणार..." असं ती म्हणाली खरी, पण तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं होतं.

दोघं निघाले. चढ उभा होता. कप्तान दर वीस पावलांवर थांबत, आणि इस्त्रीवाली न थांबता मागे हात करून त्यांना ओढत होती. खाणीच्या कडेनं पायवाट होती, पलीकडे दहा घरं. पहिल्याच घराच्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती.

"दूधवाल्यानं काही सांगितलं का?" इस्त्रीवालीनं लांबूनच विचारलं.

"हो, हो. म्हणाला, पाणी वाढवा." ती बाई हसायला लागली. "आम्ही म्हटलं, ते काम तू करतोसच की रे बाबा, आम्हाला कशाला सांगतोस?"

कप्तानांनी विचारलं, "इकडे कुणाला जुलाब आहेत?"

"दोघं होते, ते बरे झाले. आता शेवटच्या घरातली छोटी तेवढी. कालपासून."

शेवटचं घर म्हणजे पत्र्याची एकच खोली. खाटेवर सात महिन्यांची मुलगी आईच्या मांडीत पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. शेजारी पाण्याचं भांडं झाकून ठेवलेलं. कप्तानांनी झाकण काढून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. समुद्र. निव्वळ समुद्र.

"किती पाजलंस हे?" त्यांनी विचारलं.

आईला रडू फुटलं. "घेतच नाही हो ती! काल एक चमचा दिला, तर तोंड वेडंवाकडं करून थुंकून टाकला. परत तोंडाजवळ नेला की किंचाळते. मी नुसतं अंगावरचं पाजतेय. औषध पोटात गेलंच नाही तिच्या. मी काय करू?"

"चांगलं केलंस, पोरी," कप्तान म्हणाले. ते खाटेच्या कडेला टेकले. "फार चांगलं केलंस. शहाणी आहे तुझी लेक. तिला कळलं ते मला नाही कळलं. हे माप मी चुकीचं सांगितलं होतं. माझी चूक आहे."

कोपऱ्यातून सासूचा आवाज आला, "मी म्हणतच होते!" ती नक्की काय म्हणत होती ते कुणी विचारलं नाही.

इस्त्रीवालीनं तोवर ओढणी कमरेला खोचली होती. तिनं हात धुतले. मुलीच्या पोटावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच बसली नाही, क्षणभर रेंगाळली. तीन आठवड्यांत शिकलेलं सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"अंगातलं पाणी कमी झालंय. पण शुद्धीत आहे, रडतेय, दूध ओढतेय," ती म्हणाली. मग दाराशी आलेल्या मुलीच्या बापाला, "तुम्ही खाली जाऊन टेम्पो सांगून ठेवा. तासाभरात हिला लघवी झाली नाही किंवा ही मलूल पडली, तर मोठ्या दवाखान्यात न्यायचं. वाट बघायची नाही."

बाप धावला. उकळून गार केलेलं पाणी घरात होतं. इस्त्रीवालीनं लिटर मोजलं, सपाट चमचे मोजले, कालवलं, चाखलं आणि भांडं कप्तानांपुढे धरलं. "तुम्हीही चाखा."

कप्तानांनी चाखलं. मान हलवली. "बरोबर आहे."

आईच्या हातातला चमचा दिसला की मुलगी तोंड फिरवत होती, म्हणून कप्तानांनी तिला मांडीवर घेतलं. जहाजावर वादळातही हातातला रस्सा सांडू न देणारा तो हात. एक चमचा, मग थोडं थांबायचं. पुन्हा एक चमचा. पहिला चमचा तिनं जिभेनं ढकलला. दुसऱ्याला तोंड वाकडं केलं, मग थांबली, ओठ चाटले, आणि चमच्याकडे बघायला लागली.

"आवडलं!" सासू ओरडली.

"हळू. घाई नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

 पत्रा तापून कडकड वाजत होता. एक चमचा. थांबायचं. एक चमचा. एकदा ओकली, तेव्हा आईनं हंबरडा फोडायची तयारी केली, पण इस्त्रीवालीनं तिला हातानंच थोपवलं. दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरुवात. बाप येऊन दारात उभा राहिला. खाली टेम्पो येऊन थांबल्याचा आवाज आला. कप्तानांचा पाय बधिर झाला, तरी ते हलले नाहीत.

आणि पाऊण तास उलटला तेव्हा कप्तान एकदम ताठ झाले. "अरे... अरे!"

त्यांच्या मांडीवर ऊब पसरली होती. पांढऱ्या पॅंटवर एक मोठा डाग वाढत चालला होता.

"झाली!" ते ओरडले. "झाली लघवी! बघा! चांगली भरपूर झाली!"

आयुष्यात कुणाच्या लघवीचा इतका आनंद त्या खोलीत कुणाला झाला नसेल. आई रडता रडता हसायला लागली. सासूनं कप्तानांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. इस्त्रीवाली भिंतीला टेकून खाली बसली.

टेम्पो आलाच होता, म्हणून मुलीला दवाखान्यात नेलंच. तिथल्या डॉक्टरनं तपासलं, विचारपूस केली आणि सांगितलं, हेच चालू ठेवा, अंगावरचं दूध अजिबात बंद करू नका, दोन दिवसांनी पुन्हा दाखवा.

दुपारी तीन वाजता केंद्राच्या पायरीवर बसून कप्तानांनी फोन लावला. तेरा जणी भोवती उभ्या होत्या. कप्तानांनी काही लपवलं नाही. कुबो, अर्धा लिटर, समुद्र, कांदे, दूधवाला, सगळं सांगितलं.  

"एकूण किती पोरांच्या पोटात गेलं ते?" सिस्टरनं विचारलं.

"खात्रीनं सांगता येईल असं एकच. एक चमचा. तोही थुंकला. पलीकडची दोन मोठी पोरं होती, त्यांनीही नाकारलं म्हणे. त्यांनाही आजच जाऊन बघून आलो, विटीदांडू खेळताहेत."

सिस्टरनं सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. "देवा! कप्तान, मी परत आल्यावर तुमच्याशी भांडणार आहे. आज नाही. आज मला नुसतं बसू द्या."

मग पाहुणी फोनवर आली. तिला सगळं कळल्यावर ती मोठ्यानं काहीतरी म्हणाली. कप्तान ऐकता ऐकता लाल झाले.

"काय म्हणते?" बायका विचारायला लागल्या. "सांगा की! सगळं सांगा!"

"म्हणते..." कप्तानांनी घसा साफ केला. "म्हणते, गाडीत बसताना मी शेवटचं तेच सांगितलं होतं. पाणी आसवांपेक्षा खारट होता कामा नये."

"आणि तुम्ही आम्हाला काय सांगितलंत?"

"मला त्यातला आसवं हा एकच शब्द ऐकू आला. हॉर्न वाजत होता. मी सांगितलं, रडू नका."

पायरीवर असा हशा उसळला की रस्त्यावरचा सायकलवाला थांबून बघायला लागला. इस्त्रीवालीनं कप्तानांच्या हातातला फोन घेतला आणि पाहुणीला आपल्याच भाषेत, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "पुढच्या वेळी. भांडं. हातात. घेऊन. दाखवा." मग कप्तानांकडे फोन देत म्हणाली, "हे नीट सांगा. आणि तुम्हाला शब्द कळला नाही तर 'कळला नाही' म्हणा. हसणार नाही कुणी."

कप्तानांनी ते शब्दाला शब्द सांगितलं. पाहुणीनं तिथं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा पुन्हा फोन आला. या वेळी ती धड बोलूच शकत नव्हती, इतकं तिला हसू येत होतं. तिकडे तिचा दुभाषा एक शाळामास्तर होता, फार सुंदर बोलणारा, म्हणून तिनं कधी तपासलं नव्हतं. कालच्या प्रकारानंतर ती घाबरून घरोघरी गेली आणि आयांना विचारलं, मी काय सांगितलं ते मला परत सांगा. तेव्हा कळलं, कार्ड 'जपून ठेवा' याचं मास्तरांनी 'लपवून ठेवा' केलं होतं. म्हणूनच तीन आठवडे एकही आई कार्ड दाखवायला तयार नव्हती. कुणी पिठाच्या डब्यात पुरलं होतं, कुणी छपरात खोचलं होतं. एकीनं तर नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नव्हता.

शुक्रवारी डॉक्टर आले. घाटातली गाडी सुटून पाकिटं आली होती, पाइप दुरुस्त झाला होता. दोन दिवसांत नवीन एकही पोर आजारी पडलं नव्हतं. डॉक्टरांनी तेरा जणींच्या नोंदवह्या बघितल्या, तीन प्रश्न विचारले आणि बाराच्या ऐवजी अकराला निघून गेले, कारण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कप्तान घरी आले. पोटभर जेवले. मंगळवारपासून त्यांच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. मग चटईवर आडवे झाले आणि भर दुपारी घोरायला लागले.

चारच्या सुमाराला दाराशी कुणीतरी आलं. बायकोनं दार किलकिलं करून बघितलं. खाणीपलीकडची ती आई होती. कडेवर मुलगी, डोळे चांगले टपोरे, आणि मूठ तोंडात कोंबलेली.

"काका आहेत? नुसतं दाखवायला आणलीय."

"झोपलेत," बायको म्हणाली. "जहाज बुडत असेल तरच उठवते."

"नको, नको, झोपू दे. मी बसते."

दोघी दारातल्या ओट्यावर बसल्या. बायकोनं मुलीला मांडीवर घेतलं, आणि आतून येणारं घोरणं मुलगी कान टवकारून ऐकत राहिली.